फुकट ‘यूपीआय’ची अडत कोण भरतो?

चहाच्या टपरीवर ग्राहक दहा रुपयांचा चहा पिऊन मोबाइलने क्यूआर कोड स्कॅन करतो, फळीवर ठेवलेला साउंडबॉक्स दहा रुपये मिळाल्याचे खणखणीत आवाजात जाहीर करतो आणि टपरीवाल्याच्या खात्यात खरोखरच पुरते दहा रुपये जमा होतात. ग्राहकाच्या खात्यातून दहाच्या वर एक पैसा गेलेला नसतो आणि टपरीवाल्याच्या पदरात दहाला एक पैसाही कमी पडलेला नसतो. असे असले तरी या दोघांच्या मध्ये दोन बँका, एखाद-दुसरे अ‍ॅप आणि देशपातळीवरची एक मध्यवर्ती संगणकयंत्रणा एवढ्यांनी त्या दहा रुपयांसाठी काम केलेले असते, आणि सर्व्हर, वीज, फसवणुकीवर पाळत ठेवणारी माणसे, तक्रारी ऐकणारी केंद्रे यांपैकी काहीही फुकट मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील व्यवहारांनी एका महिन्यात २,००० कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला, हे लक्षात घेतले की ‘मग पैसे भरतो कोण’ हा प्रश्न टपरीपुरता राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही, ते कायद्याच्या एका कलमात सापडते. आणि ते कलम आज ज्या शब्दांत आहे त्या शब्दांत राहावे की बदलावे, यासाठी बँका, अ‍ॅप कंपन्या, कार्ड कंपन्या आणि व्यापारी संघटना गेली अनेक वर्षे आपापली बाजू लावून धरत आहेत. या खटाटोपाला लॉबिंग म्हणतात. मराठीत हा शब्द उच्चारताच मागच्या दाराची आठवण होते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. परंतु पेमेंटच्या क्षेत्रातले बरेचसे लॉबिंग कागदावर, उघडपणे आणि ठरलेल्या वाटांनी चालते, त्यामुळे त्याची कार्यपद्धती समजून घेणे फारसे अवघड नाही.

पट्टी, अडत आणि एमडीआर

शेतकरी बाजार समितीत माल नेतो तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीवर विक्रीची रक्कम, तिच्यातून कापलेली अडत, हमाली आणि तोलाई असे सारे लिहिलेले असते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. अडत्याचे काम तेच होते आणि वाद फक्त अडत कोणाच्या पट्टीवर लिहायची एवढ्यापुरता होता. इलेक्ट्रॉनिक पेमेंटमधले जवळजवळ सगळे धोरणात्मक वाद याच जातीचे आहेत.

दुकानात कार्ड वापरले जाते तेव्हा ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला यंत्र देणारी बँक आणि या दोन बँकांना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे असे तीन मध्यस्थ असतात. बिलाची रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा होताना तिच्यातून जो हिस्सा कापला जातो त्याला ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ किंवा एमडीआर म्हणतात. हीच या बाजारातली अडत होय. तिचा मोठा भाग दुकानदाराच्या बँकेकडून ग्राहकाच्या बँकेकडे जातो, त्याला ‘इंटरचेंज’ असे नाव आहे. ग्राहकाला या कपातीचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या पावतीवर ती छापलेलीच नसते. दुकानदार मात्र महिनाअखेरीला बँकेच्या उताऱ्यावर ती पाहतो आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध आवाज प्रथम तोच उठवतो.

यूपीआयमध्ये मध्यस्थ थोडे वेगळे आहेत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे एनपीसीआय ही संस्था मध्यवर्ती यंत्रणा चालवते आणि ग्राहकाच्या हातातले अ‍ॅप बहुधा बँकेचे नसून फोनपे किंवा गुगल पे यांसारख्या कंपनीचे असते. या कंपनीकडे ग्राहकाची ठेव नसते, त्यामुळे ठेवीवर मिळणाऱ्या उत्पन्नातून खर्च भागवण्याची जी सोय बँकेला असते ती तिला नसते. एकाच मेजावर बसलेल्या बँका आणि अ‍ॅप कंपन्या शुल्काविषयी सारख्याच तळमळीने का बोलत नाहीत, याचा उलगडा येथे होतो.

पंचाहत्तर पैशांचे दोन रुपये सत्तर पैसे

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१२ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला कमाल मर्यादा घातली: दोन हजार रुपयांपर्यंत ०.७५ टक्का आणि त्यावर एक टक्का. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ पासून हे दर तात्पुरते उतरवण्यात आले आणि हजार रुपयांपर्यंतच्या बिलावर ०.२५ टक्क्याची मर्यादा आली. पुढे ६ डिसेंबर २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बिलाच्या रकमेऐवजी दुकानाच्या उलाढालीवर आधारलेली नवी रचना जाहीर केली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला ०.४० टक्का आणि त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्का असे कमाल दर ठरले. मोठ्या दुकानासाठी एका व्यवहारात हजार रुपयांची वरची मर्यादाही होती.

कागदावर ही रचना छोट्या दुकानदाराच्या बाजूची वाटते, पण प्रत्यक्ष आकडेमोड केली की वेगळे चित्र दिसते. मोठ्या किराणा दुकानातल्या तीनशे रुपयांच्या बिलावर तोवर जास्तीत जास्त पंचाहत्तर पैसे कापले जात, ते नव्या दराने दोन रुपये सत्तर पैशांपर्यंत जाऊ शकत होते. उलट दीड लाखाच्या टीव्हीवर पूर्वी दीड हजार जात, ते आता हजारावर थांबणार होते. नफ्याचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या धंद्यालाच वाढीचा चटका बसणार होता. रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्स या व्यापारी संघटनांनी विरोध नोंदवला, तर बँकांचे म्हणणे असे होते की तात्पुरत्या दरांत कार्डयंत्रे बसवण्याचा खर्चही निघत नाही. दोन्ही बाजूंचे गणित बरोबर होते, आणि नेमका तेव्हाच निर्णय अवघड होतो.

मार्ग निघाला तो तिसऱ्याच्या खिशातून. अवघ्या नऊ दिवसांनी, १५ डिसेंबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन हजार रुपयांपर्यंतच्या डेबिट कार्ड आणि भीम-यूपीआय व्यवहारांवरील एमडीआर दोन वर्षे सरकार भरेल असा निर्णय घेतला. शुल्क नाहीसे झाले नाही, ते करदात्याच्या पट्टीवर लिहिले गेले.

ही दोन वर्षे संपत आली तेव्हा संसदेनेच हात घातला. ‘पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७’ या कायद्यात २०१९ साली १०अ हे नवे कलम घालण्यात आले. ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे देणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कोणतेही शुल्क कोणत्याही बँकेने घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. रुपे डेबिट कार्ड, यूपीआय आणि यूपीआय क्यूआर कोड हे ते मार्ग होत आणि १ जानेवारी २०२० पासून त्यांची अडत शून्य झाली. व्हिसा आणि मास्टरकार्ड या यादीत नाहीत, क्रेडिट कार्डेही नाहीत. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावर म्हणूनच एमडीआर लागतो.

पाकिटावरचा पत्ता

वर सांगितलेल्या घटनाक्रमात एक बारकावा आहे, जो लॉबिंग समजून घेण्यासाठी सर्वांत उपयोगी पडतो. २०१७ मध्ये एमडीआरचा दर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात होता, म्हणून निवेदने मुंबईला, फोर्टातल्या मुख्यालयात जात होती. २०१९ नंतर तोच दर संसदेच्या कायद्यात गेला आणि रिझर्व्ह बँकेला कितीही पटले तरी तो बदलण्याचा अधिकार तिच्याकडे उरला नाही. पाकिटावरचा पत्ता दिल्लीचा झाला. नियम ज्या पायरीवर बसलेला असतो त्या पायरीवरच्याच माणसाला पत्र लिहावे लागते, आणि अनुभवी संघटनेचे पहिले कौशल्य ही पायरी ओळखण्यात असते.

चौकट: कोणाचा नियम, कोणाला निवेदन
*संसदेचा कायदा* (उदा. शून्य एमडीआर): निवेदन अर्थ मंत्रालय, पंतप्रधान कार्यालय आणि खासदारांकडे, हंगाम अर्थसंकल्पाच्या आधीचा. बदल दुर्मीळ.
*रिझर्व्ह बँकेचे निर्देश* (उदा. कार्डाचा तपशील कोणी साठवावा): मसुद्यावर लेखी अभिप्राय, बैठका, मुदतवाढीची विनंती. बदल बऱ्यापैकी शक्य.
*एनपीसीआयची परिपत्रके* (उदा. एका अ‍ॅपचा जास्तीत जास्त बाजारहिस्सा): बँका आणि अ‍ॅप कंपन्यांची थेट बोलणी. बाहेरच्याला फारसे दिसत नाही.

पत्ता असा बदलल्याचे उदाहरण म्हणजे पेमेंट कौन्सिल ऑफ इंडिया ही या उद्योगाची २०१३ मध्ये स्थापन झालेली प्रमुख संघटना. शून्य एमडीआरची भरपाई म्हणून केंद्र सरकार २०२१-२२ पासून बँकांना प्रोत्साहन रक्कम देत आले होते. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ३,६०० कोटींवर गेली होती. मात्र १९ मार्च २०२५ रोजी मंत्रिमंडळाने २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटीच मंजूर केले, तेही छोट्या दुकानदारांकडील दोन हजार रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी, ०.१५ टक्के दराने. त्याच महिन्यात कौन्सिलने पंतप्रधानांना पत्र लिहून शून्य एमडीआरचा फेरविचार करावा, मोठ्या व्यापाऱ्यांच्या यूपीआय व्यवहारांवर ०.३ टक्का शुल्क घेऊ द्यावे, अशी मागणी केली आणि ही व्यवस्था चालवण्या-वाढवण्याचा वार्षिक खर्च १०,००० कोटींच्या घरात असल्याचे सांगितले.

हे पत्र रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना लिहिले असते तर उपयोग नव्हता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पेमेंटवरील शुल्कांविषयी चर्चापत्र काढून लोकांची मते मागवली होती, आणि आठशे रुपयांच्या यूपीआय खरेदीमागे सर्व मध्यस्थांना मिळून सुमारे दोन रुपये खर्च येतो असा अंदाज त्यात दिला होता. प्रश्न विचारला गेला एवढ्यानेच खळबळ माजली आणि यूपीआयवर शुल्क लावण्याचा सरकारचा कोणताही विचार नाही, असे अर्थ मंत्रालयाने चारच दिवसांत जाहीर केले. २०२५ मध्येही तेच घडले: एमडीआर परत येणार असल्याच्या बातम्या ‘निराधार आणि दिशाभूल करणाऱ्या’ असल्याचे मंत्रालयाने ११ जूनला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पेटीएम चालवणाऱ्या कंपनीचा समभाग घसरला.

हे तीन आकडे एकाच बिलावर मांडले तर वाद किती पैशांचा आहे ते दिसते. आठशे रुपयांच्या बिलामागे रिझर्व्ह बँकेच्या अंदाजाने खर्च दोन रुपये, सरकारी प्रोत्साहन मिळालेच तर एक रुपया वीस पैसे आणि उद्योगाची मागणी दोन रुपये चाळीस पैसे. मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. मात्र ती खर्चाहून थोडी वरच आहे, आणि निवेदनातल्या आकड्यांची ती जुनीच रीत आहे.

नियामकही या खेळात केवळ पंच नसतो, कधी कधी तोही अर्जदार असतो. पेमेंट क्षेत्रासाठी रिझर्व्ह बँकेबाहेर स्वतंत्र नियामक मंडळ असावे अशी शिफारस केंद्राच्या आंतरमंत्रालयीन समितीने २०१८ मध्ये केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने आपले असहमतीचे टिपण १९ ऑक्टोबरला थेट प्रसिद्ध करून टाकले. मे २०२५ मध्ये पेमेंट्स रेग्युलेटरी बोर्ड अस्तित्वात आले ते तडजोडीचे: अध्यक्ष रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पण सहापैकी तीन सदस्य केंद्र सरकारने नेमलेले.

अमेरिकेतले बारा सेंट

भारतातल्या घडामोडींवर पडदा बराच असतो. अमेरिकेत तो कमी असल्याने तेथले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. सिनेटर डिक डर्बिन यांच्या दुरुस्तीने २०१० मध्ये फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेवर मोठ्या बँकांच्या डेबिट कार्ड इंटरचेंजला मर्यादा घालण्याची जबाबदारी टाकली. तोवर हे शुल्क व्यवहारामागे सरासरी ४४ सेंट होते. डिसेंबर २०१० च्या मसुद्यात फेडने कमाल १२ सेंट सुचवले. त्यावर अकरा हजारांहून अधिक अभिप्राय आले, बँकांनी कायद्याची अंमलबजावणीच पुढे ढकलण्यासाठी सिनेटमध्ये जोर लावला आणि ८ जून २०११ च्या मतदानात ५४ विरुद्ध ४५ अशी मते मिळूनही आवश्यक ६० चा आकडा न गाठल्याने त्या हरल्या. हरल्या असे म्हणायचे खरे, पण त्याच महिन्याच्या अखेरीस फेडने जाहीर केलेली अंतिम मर्यादा २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्का अशी होती.

पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. पूर्वी एक-दोन डॉलरच्या कॉफीसारख्या छोट्या खरेदीवर कार्ड जाळी सवलतीचा दर लावत. मर्यादा आल्यावर ती सवलत गेली आणि कमाल मर्यादा हाच सरसकट दर बनला, त्यामुळे दुकानदारांसाठी आणलेल्या नियमाने छोट्या दुकानदारांपैकी काहींचा खर्च वाढवला. पाण्याने भरलेली पखाल एका बाजूने दाबली की दुसरीकडे फुगते, तसा हा प्रकार असतो. शुल्काच्या नियमाचे परीक्षण करताना ‘किती कापले’ यापेक्षा ‘कोठे फुगले’ हे पाहावे लागते.

तत्त्व राहते, तारीख सरकते

भारतातली अलीकडची उदाहरणे शेजारी ठेवली तर एक ठळक कल दिसतो: उद्योग नियम रद्द करून घेण्यात क्वचितच यशस्वी होतो, पण त्याची तारीख पुढे ढकलून घेण्यात बहुधा होतो.

दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी ग्राहकाला आधी सूचना देण्याचा नियम मार्च २०२१ अखेर लागू व्हायचा होता, तो सप्टेंबर २०२१ अखेर गेला. दर वेळी ओटीपीसारखी वेगळी पडताळणी न करता कापता येणाऱ्या रकमेची मर्यादाही दोन हजारांवरून पाच आणि पुढे पंधरा हजारांवर गेली. खरेदीच्या संकेतस्थळांनी ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवू नये, त्याऐवजी ‘टोकन’ वापरावे, हा दुसरा नियम. टोकन म्हणजे चप्पल-स्टँडवरच्या बिल्ल्यासारखे चिन्ह. ते ज्या ठिकाणी दिले तेथेच चालते, म्हणून चोराच्या हाती लागले तरी त्याला त्याचा उपयोग नाही. या नियमाची मुदत डिसेंबर २०२१, मग जून २०२२ आणि शेवटी सप्टेंबर २०२२ अशी सरकली. यूपीआयवर एकाच अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा असे एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. फोनपे आणि गुगल पे दोघेही या रेषेच्या कितीतरी वर असल्याने तिची मुदत २०२२ अखेरीवरून २०२४ अखेरीला आणि तेथून ३१ डिसेंबर २०२६ ला गेली.

प्रत्येक मुदतवाढीमागे लबाडीच असते असे नाही. टोकनसाठी बँक, जाळे आणि दुकान या तिघांच्या यंत्रणा एकाच वेळी तयार असाव्या लागतात आणि एक मागे राहिला तर दिवाळीच्या तोंडावर व्यवहार अडकतात. हे रिझर्व्ह बँकेलाही नको असते. पण तयारी न करणाऱ्याला तयारी न करण्याचेच बक्षीस मिळत गेले, की पुढच्या नियमाची तारीख कोणी मनावर घेत नाही. ३० टक्क्यांच्या मर्यादेचे नेमके हेच झाले आहे.

या प्रवाहाविरुद्धचे उदाहरण एकच, पण ठसठशीत आहे. पेमेंटचा तपशील फक्त भारतातच साठवावा, असे रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी सांगितले आणि १५ ऑक्टोबरची मुदत दिली. परदेशी कार्ड कंपन्यांनी वेळ मागितला, अमेरिकेच्या दोन सिनेटरांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, तरी तारीख हलली नाही. पुढे २०२१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे भारतीय ग्राहक घेण्यास मनाई झाली आणि नियमपालनाची खात्री पटल्यावरच ती उठली. एवढ्या कडक नियमातही एक फट किलकिली झाली होती: व्यवहाराची प्रक्रिया परदेशात करता येईल, मात्र एका दिवसात माहिती तेथून पुसावी लागेल, असा खुलासा २०१९ मध्ये आला.

ज्याची संघटना नाही

बँकांची संघटना आहे, अ‍ॅप कंपन्यांची आहे, व्यापाऱ्यांच्या अनेक आहेत. पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या वतीने निवेदन लिहायला पगारी माणूस मात्र नसतो. ती उणीव अधूनमधून अनपेक्षित ठिकाणाहून भरून निघते. आयआयटी मुंबईच्या गणित विभागातील प्राध्यापक आशिष दास यांनी अनेक वर्षे कार्ड आणि यूपीआयवरील शुल्कांचा पाठपुरावा अहवालांतून केला. काही बँका महिन्याला ठरावीक संख्येनंतरच्या यूपीआय व्यवहारांवर शुल्क घेत होत्या, याकडेही त्यांनी २०२० मध्ये लक्ष वेधले. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून हे कलम १०अ चे उल्लंघन असल्याचे सांगितले आणि १ जानेवारीपासून घेतलेले शुल्क ग्राहकांना परत करण्याचा सल्ला बँकांना दिला.

रिझर्व्ह बँकेचे मसुदे तिच्या संकेतस्थळावर ‘कनेक्ट टू रेग्युलेट’ या विभागात अभिप्रायासाठी खुले होतात आणि प्रत्येक मसुद्यावर शेवटची तारीख दिलेली असते. आपल्या खात्याशी, कार्डाशी किंवा दुकानाशी संबंध असलेला मसुदा दिसला तर वाचकांनी तो वाचावा आणि मुदतीच्या आत आपले म्हणणे लिहून पाठवावे. त्यासाठी कोणत्याही संघटनेचे सदस्यत्व लागत नाही.